घाटाचा टायर

अण्णा, त्या खुणेतला डोंगर आपल्या घाटाचा नव्हता. तीन शिखरांचा छोटा डोंगर आणि त्याच्या पोटात सहा पाकळ्यांची चांदणी, टायरच्या कडेला नखाएवढी उठवलेली. तुम्ही तिच्यावर अंगठा फिरवून गिऱ्हाइकाला सांगायचात, "हा बघा डोंगर. घाटात चालायलाच बनवलेला माल आहे, कंपनीने शिक्का मारलाय." ती चांदणी नव्हती, बर्फाचा कण होता. ज्या देशांत नळातलं पाणी गोठतं तिथल्या थंडीसाठी बनवलेले ते टायर होते, आणि आपण ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसून, भर एप्रिल-मे महिन्यांत, मुरबाडकडच्या जीपवाल्यांना विकत होतो. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, पण फार उशिरा, तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर. आणि मला स्वतःला ते कधी कळलं होतं, हे तेव्हाही सांगितलं नाही. ते आज लिहिते आहे.

लिहायचं कारण गेल्या मंगळवारी घडलं. मी हल्ली डोंबिवलीत एकटीच असते, आठ-दहा मुलांना इंग्रजी शिकवते. एका शिकवणीहून परतताना मानपाडा रोडला माझी रिक्षा पंक्चर झाली आणि रिक्षावाल्याने ती ढकलत एका टायरच्या दुकानासमोर नेली. मी सावलीला उभी राहिले. रबराचा वास आला की मला अजूनही माहेरी आल्यासारखं वाटतं. बाजूला जुन्या परदेशी टायरांची थप्पी होती आणि दुकानदार, असेल तिशीचा, एका गाडीवाल्याला सांगत होता, "साहेब, डोळे झाकून घ्या. खंडाळा काय, माळशेज काय, कुठेही घाला गाडी. घाट स्पेशल आहे. हा बघा डोंगर."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, तो बर्फातला टायर आहे. आपल्या उन्हात तो टिकत नाही, फाटतो."

"मावशी, बर्फ गोळेवाल्याकडे मिळतो," तो म्हणाला. रिक्षावाला खो खो हसला. "पहिल्यापासून याला घाटाचाच टायर म्हणतात. वागळे इस्टेटला एक म्हातारा होता, टायरमधला बाप माणूस. त्याने दिलेलं नाव आहे हे. तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त कळतं काय?"

गाडीवाल्याने मात्र खिशातून फोन काढला, खुणेचा फोटो घेतला, दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि "नंतर येतो" म्हणून निघून गेला. "झालं समाधान?" दुकानदाराने मला विचारलं. झालं नाही, अण्णा. रिक्षात बसल्यावर मी दुकानात बोलले ते पुन्हा मनात म्हणून बघितलं. एक वाक्य होतं ते. बोलायला किती वेळ लागला? तेव्हाही तेवढाच लागला असता.

तुम्ही मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत ते आईला पटलं नव्हतं. आपल्या आळीतली कुठलीच मुलगी त्या शाळेत जात नव्हती. तुम्ही म्हणालात, "घरात एकाला तरी साहेबाची अक्षरं वाचता यायला हवीत. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत टायर विकतोय." तुमची शाळा गावाला चौथीपर्यंत, आणि टायरवर मराठीचं एक अक्षर नाही. पहिल्या दिवशी तुम्ही जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून आणलीत आणि माझी वह्यापुस्तकं तिच्यात घट्ट बांधून दिलीत. वर्गात सिस्टरने नाकाला रुमाल लावला आणि ती पट्टी बाहेर ठेवून यायला सांगितलं. मग मी रोज ती पायरीपाशी सोडून ठेवायचे आणि घरी येताना पुन्हा बांधायचे. तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुमच्यापासून गोष्टी लपवायला मी सहाव्या वर्षीच शिकले होते, फक्त तेव्हा ते मायेपोटी होतं.

शाळेत आम्हाला मोठ्याने आणि स्वच्छ वाचायला शिकवत. धडा कळला की नाही हे सहसा कोणी विचारत नसे, पण शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं तर छडी बसे. रविवारी तुम्ही मला दुकानात न्यायचात. ट्रकच्या टायरांच्या थप्पीवर मला उचलून बसवता, समोर एकेक टायर उभा करून फिरवता, आणि मी वरून वाचते: आकडे, अक्षरं, कंपनीचं नाव, देशाचं नाव. शेजारच्या कारखान्यातली माणसं डबा खाता खाता बघायला येतात. "बघा कशी फाडफाड वाचते," तुम्ही म्हणता. तुमच्या हातांना काळं लागलेलं असतं म्हणून तुम्ही मला कोपरांनी उतरवता, फ्रॉकला डाग पडू नये म्हणून. त्या थप्पीवरून तुमचं वर बघणारं तोंड मला जसं दिसायचं, तसं पुन्हा कधी दिसलं नाही. मोठं झाल्यावर माणूस खाली उतरतोच.

नवऱ्याने सोळा वर्षांनी मला परत पाठवलं तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. मूल नव्हतं. डोंबिवलीहून ठाण्याला एक बॅग घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात आईच्या शेजारी बसून पोळ्या लाटत होते, तुम्ही दारात उभे राहून चहा पीत होतात. म्हणालात, "सिस्टरांनी सगळं शिकवलं. नवरा टिकवायचं तेवढं राहिलं." आईच्या तव्यावरची पोळी करपली, पण तिने मान वर केली नाही. कप खाली ठेवून तुम्ही पुढे म्हणालात, "आवर आणि चल दुकानात. घरात बसून सडू नकोस." अण्णा, तुमचं हे असंच होतं. आधी चिमटा काढायचात आणि मग त्याच हाताने ताट पुढे सरकवायचात. मी ताटाकडे बघून चिमटा विसरायला लहानपणापासून शिकले होते. त्या वयात ते जमेनासं झालं.

दुकानात तुम्ही मला मड्डम म्हणायला लागलात. गिऱ्हाईक आलं की हाक, "मड्डम, बाहेर या, वाचा." मी खुर्चीवरून उठून यायचे आणि वाचायचे. तेव्हा गोदीकडून परदेशी वापरलेल्या टायरांचे ढीग येऊ लागले होते. त्यांतले काही वेगळेच होते. नक्षी खोल, त्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा, आणि रबर इतकं मऊ की नख दाबलं तर रुतायचं. तुम्ही खूश होतात. "हात लावून बघा," तुम्ही गिऱ्हाइकाचा हात धरून त्याचा अंगठा रबरात दाबायचात, "लोणी आहे लोणी. रस्ता सोडणारच नाही." मी त्या डोंगराच्या खुणेपाशी अडले, कारण तिथे वाचायला अक्षर नव्हतं. "अण्णा, हे चित्र काय आहे?" मी विचारलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाकलात आणि क्षणभरही न थांबता म्हणालात, "दिसत नाही? डोंगर. घाटाचा टायर." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. सात-आठ महिने मीसुद्धा गिऱ्हाइकांना तेच सांगत होते, आणि त्याबद्दल मला काही बोलायचं नाही. तेवढ्यापुरते आपण दोघे सारखेच अडाणी होतो.

मग माझी शाळेतली मैत्रीण आली, कॅनडात स्थायिक झालेली. वीस वर्षांनी भेटत होतो, मला शोधत ती दुकानातच आली. तुम्ही जेवायला घरी गेला होतात. थप्पी बघून ती हसत सुटली. "अगं, हे तर आमचे थंडीचे टायर! इथे कोण घालतं हे?" मी म्हटलं, घाटात घालतात. तिला वाटलं मी थट्टा करते. मग तिने मला टायर वाचायला शिकवला, भर दुपारी, पदर खोचून, जमिनीवर उकिडवं बसून. डोंगर आणि त्यातला कण म्हणजे हा टायर बर्फावर तपासून पास केलेला आहे. एम आणि एस म्हणजे चिखल आणि बर्फ. नुसती तेवढी अक्षरं असली तर फार भरवसा नाही, डोंगर असला तरच खरा थंडीचा. रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं, कारण साधं रबर थंडीत दगड होतं. "आणि उन्हात?" मी विचारलं. "उन्हात? आमच्याकडे ऊन वाढलं की लगेच काढून ठेवतात, नाहीतर खडूसारखे झिजतात. ब्रेक लागत नाही धड. आणि आमचं ऊन म्हणजे तुमचा डिसेंबर गं."

तिने मला नक्षीच्या खाचेत बोट घालायला लावलं. खाचेच्या तळाशी एक उंचवटा होता, त्यावरही तोच बर्फाचा कण. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की तो टायर थंडीसाठी संपला, मग तो टाकून देतात. म्हणून तो आपल्याकडे येताना अर्धी नक्षी शिल्लक असलेला, नव्यासारखा दिसतो. तिकडे मेलेला टायर आपण इकडे नवा म्हणून विकत होतो. शेवटी तिने एका लांबट चौकटीतले चार आकडे दाखवले, जे आपण दोघे मालाचा नंबर समजत होतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ती टायरची जन्मतारीख होती. मी सगळी थप्पी तपासली. त्यात आठ वर्षांच्या आतला एकही नव्हता. "आतून सुकलेला असतो एवढा जुना टायर," ती म्हणाली, "वरून कळत नाही. तापला आणि ओझं पडलं की साल निघते."

खरं सांगू, मी घाबरले नाही. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या धंद्यातलं असं काहीतरी मला कळलं होतं जे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी वहीच्या पानावर टायरची मोठी आकृती काढली, प्रत्येक खूण, तिच्यापुढे बाण, आणि मराठीत अर्थ. सुंदर अक्षरात, तुम्हाला वाचता यावं म्हणून. तुम्ही परत आलात तेव्हा दुकानात चार माणसं होती, दोन आपले फिटर आणि दोन गिऱ्हाईकं. मी पान घेऊन पुढे झाले. "अण्णा, हे टायर आपण विकायला नकोत. याचा अर्थ—"

"अर्थ?" तुम्ही म्हणालात. "अर्थ सांगणार मड्डम?" तुम्ही माझ्याकडे पाठ करून फिटरांकडे बघितलंत. "नवऱ्याच्या कपाळावर काय लिहिलंय ते सोळा वर्षं वाचता आलं नाही, आणि आता टायर वाचायला निघाली."

ते हसले. चौघेही हसले. थोरला फिटर तर मला लहानपणापासून ओळखणारा, तोसुद्धा. तुम्ही माझ्या हातातलं पान घेतलंत, त्याच्याकडे न बघता त्याला हात पुसलेत आणि बोळा करून कोपऱ्यात टाकलात. "तू फक्त वाचायचं," तुम्ही म्हणालात. "अर्थ मी सांगतो."

मी पुन्हा बोलू शकले असते. घरी, जेवताना, आईसमोर. तुम्ही ऐकलं असतंत असंही मला वाटतं, कारण चार माणसांसमोरचे तुम्ही आणि घरातले तुम्ही यांत फरक होता, आणि तो माझ्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. पण मी ठरवलं. फक्त वाचायचं. तुम्ही सांगितलंत तसंच करायचं, अगदी अक्षरशः. मनात एक चित्र रंगवलं होतं. कोणीतरी हे टायर घेऊन जाईल, महिन्याभरात ते टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत होतील, आणि तो माणूस भर दुकानात येऊन तुमच्या अब्रूचे धिंडवडे काढेल. फिटर हसतील. मी खुर्चीवरून उठून विचारेन, "अण्णा, आता सांगू का अर्थ?" हे चित्र मी इतक्या वेळा मनात बघितलं की मला ते वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचं हेसुद्धा पाठ होतं.

पाचव्या दिवशी तो जीपवाला आला. तुम्हाला आठवतो, मला माहीत आहे. काळी-पिवळी जीप, कल्याण ते माळशेजच्या पलीकडे. मे महिन्यात यायचा तेव्हा पळसाच्या पानांत बांधून करवंदं आणायचा, आणि ती तुमच्या टेबलावर न ठेवता माझ्या टेबलावर ठेवायचा. त्या दिवशीही आणली होती. "शेठ, चारी बदलायचे," तो म्हणाला. "घाट हाय रोजचा. पोरीचं लगीन धरलंय, आता गाडी बंद ठेवून चालनार नाय." तुम्ही त्याचा अंगठा धरून रबरात दाबलात. "लोणी," तुम्ही म्हणालात. तो हसला, पण मग माझ्याकडे वळला. "ताई, तुमी शिकलेल्या. जरा बघा बरं वाचून. ह्यो आपल्या उन्हात टिकंल ना?"

त्याने मला विचारलं, अण्णा. तुम्हाला नाही विचारलं. मी उठले. टायरजवळ गेले. आणि शाळेत शिकवलं होतं तसं, एकही अक्षर न गिळता, मी सगळं वाचलं. मापाचे आकडे. ओझ्याचा आकडा. एम. एस. चौकटीतले चार आकडे. "आणि हा एक डोंगर आहे," मी म्हटलं, "आत चांदणी."

"म्हंजे?" त्याने विचारलं.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हीही माझ्याकडे बघितलंत, आणि मला अजून वाटतं की त्या क्षणी तुम्हाला काहीतरी हवं होतं माझ्याकडून. भुवई उचललीत तुम्ही. मी म्हटलं, "अर्थ अण्णा सांगतील."

"घाटाचा," तुम्ही म्हणालात.

तो खूश झाला. मी टेबलापाशी परत येऊन करवंदांचं पान सोडलं आणि खायला लागले. बाहेर फिटर टायर चढवत होते. त्याची जीप निघाली तेव्हा त्याने मला हात केला.

पुढचे दिवस मी वाट बघत होते. सणाची बघावी तशी. तिसऱ्या आठवड्यात बातमी आली ती त्याच्या भांडणाची नव्हती. दुपारी अडीचच्या सुमाराला, घाट चढताना, भरलेल्या गाडीचा मागचा टायर सालीसारखा सोलून निघाला आणि जीप कठड्यावर आदळली. आतली माणसं वाचली, कोणाचा हात मोडला, कोणाचे दात गेले. तो गेला. थोरला फिटर हे सांगत होता आणि तुम्ही टेबलाच्या कडेला धरून उभे होतात. मी पहिल्यांदा कशाचा विचार केला सांगू? की आता ते वाक्य म्हणता येणार नाही.

तेरावं झाल्यावर त्याची बायको आली, दिराला घेऊन. तिच्या पदराखाली काहीतरी होतं. मला वाटलं तान्हं मूल असेल. तिने ते टेबलावर ठेवलं, तो टायरचा फाटका तुकडा होता, हातभर लांब, आणि त्यावर ती खूण शाबूत होती. ती रडत नव्हती. "घाटाचा म्हनून दिला ना तुमी?" तिने विचारलं. "मंग घाटातच कसा फाटला?"

तुम्ही गप्प बसला असतात तरी मी आज तुम्हाला वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं. पण दारात माणसं जमली होती, आणि माणसं जमली की तुमचं काय व्हायचं ते व्हायचं. "गाडीत चौदा जणं कोंबल्यावर टायर काय करणार?" तुम्ही म्हणालात. "त्याला सांगायचं होतंस, हाव जरा कमी कर." दीर पुढे झाला, तिने त्याला हाताने मागे ढकललं. ती तुमच्याकडे बघतही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "ताई, तुमी वाचला होता ना," ती म्हणाली. "त्यानं घरी येऊन सांगितलं, शिकलेल्या ताईनं सगळं वाचून दाखवलं, काय भ्या नाय."

मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं असेल दुःखाने.

ती गेल्यावर तुम्ही फिटरांना सुट्टी दिलीत. मला म्हणालात, "तू घरी जा." मड्डम म्हणाला नाहीत, त्यानंतर कधीच म्हणाला नाहीत. मी माजिवड्याच्या बाजूला वळेपर्यंत चालत गेले आणि परत आले, का ते ठाऊक नाही. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं तर तुम्ही एकटे, वाकड्या सुरीने, उरलेले डोंगराचे टायर एकेक करून कापत होतात. अकरा होते. कोणाला पुन्हा चढवता येऊ नयेत म्हणून कड आरपार चिरत होतात, आणि वयामुळे तुमचा जोर पुरत नव्हता. मी आत येऊन धरू लागले असते तर काम लवकर झालं असतं. मी बाहेरून किती कापून झाले ते मोजत राहिले आणि मग घरी गेले.

वर्षाच्या आत तुमची उजवी बाजू गेली. आई त्याआधीच गेली होती, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. सगळे म्हणतात मी तुमचं फार केलं. केलं. पाठीला पावडर, पेज चमच्याने, नखं कापणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. तुमच्या बोटांच्या चिरांत बसलेलं काळं मी त्या दोन वर्षांत कोमट पाण्याने काढलं, आयुष्यभराचं. माया होती त्यात, खोटं सांगत नाही. तुमचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द अर्धे यायचे, पण एक प्रश्न तुम्ही नीट विचारायचात. "त्यावर काय लिहिलं होतं गं?"

मी टाळत राहिले. "नंतर सांगेन, अण्णा." तुम्ही डोळे मिटायचात. चार दिवसांनी पुन्हा तेच. असे कितीतरी महिने गेले, आणि मी टाळत होते ते तुमची दया येऊन नव्हे. तुम्ही विचारत राहावं असं मला वाटायचं. अर्थ विचारत होतात तुम्ही, आणि तो माझ्याकडेच होता.

मग एका दुपारी मी वहीचं पान घेतलं. त्यावर पुन्हा तीच आकृती काढली, पहिलीपेक्षा चांगली. तुम्हाला उशांना टेकवून बसवलं, चष्मा घातला, आणि लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. हा डोंगर, हा बर्फ. हे एम, हे एस. हा उंचवटा, इथे टायर मरतो. ही त्याची जन्मतारीख. मी प्रत्येक खुणेवर तुमचं डावं बोट ठेवत होते आणि तुमच्याकडून म्हणून घेत होते. तुम्ही हुशार होतात, अण्णा, दोनदा सांगावं लागलं नाही. तुम्हाला शाळा मिळाली असती तर तुम्ही कुठल्या कुठे गेला असतात.

"म्हणजे... लिहिलेलं होतं," तुम्ही म्हणालात.

"सगळं."

"तुला कधी कळलं?"

मी आकृतीवरून नजर न काढता म्हटलं, "आत्ताच. मैत्रिणीचं पत्र आलं कॅनडाहून."

तुम्ही डावं बोट पुन्हा त्या डोंगरावर नेऊन ठेवलंत. मग म्हणालात, "तू एकदा... कागद आणला होतास. दुकानात."

"तो वेगळा होता, अण्णा."

हे मी तुमचं मन राखायला बोलले असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. तुम्ही त्या कागदाला हात पुसले होतेत, हे कळून तुम्ही मरू नये म्हणून. पण ते तसं नव्हतं. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही अर्ध्या तोंडाने का होईना मला शिव्या घातल्या असत्यात. म्हणाला असतात, माहीत होतं आणि बोलली नाहीस? आणि मग त्या जीपवाल्याचं मरण आपल्या दोघांचं झालं असतं. मी ते तुम्हाला एकट्याला दिलं.

"मग मीच मारला त्याला," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली, हळूच, पदराने. आणि म्हटलं, "हो."

त्यानंतर तुम्ही मोजून नऊ दिवस जगलात आणि एकही प्रश्न विचारला नाहीत. जीपवाल्याच्या बायकोकडे, मुरबाडला, मी कधी गेले नाही. मुरबाडची बस कल्याणहून सुटते आणि कल्याण माझ्यापासून काही फार लांब नाही. गेल्या मंगळवारनंतर एकदा स्टँडपर्यंत जाऊन आले. बस लागलेली होती, कंडक्टरने विचारलंही, "येताय का, आजी?" मी नाही म्हटलं. हे पत्र मराठीतच लिहिलं आहे, कुणाला मधे न घेता तुम्हाला वाचता आलं असतं असं. आता ते फाडेन की ठेवेन, ठरवलं नाही. पाठवायचं तर नाहीच, त्याला कोणाचाच पत्ता नाही.

एक राहिलं. त्या दुपारी तुम्हाला "हो" म्हणून मी खोलीचं दार लोटलं आणि स्वयंपाकघरात गेले. वालाचं बिरडं केलं होतं. कितीतरी महिन्यांत मला धड भूक लागली नव्हती, तेव्हा लागली. मी ताट वाढून घेतलं, नीट मांडी घालून बसले, आणि दोनदा भात घेतला.